मी घसरले नव्हते

मी एक जुनी, लाल रंगाची छोटी गाडी बोलतेय. 'बिचारी' म्हणायचं असेल तर पुढे वाचूच नका. माझ्या दारांना गंज चढलाय, मागची काच हाताने ढकलल्याशिवाय वर जात नाही आणि थंडीत पहिल्या हाकेला मी उठत नाही. हे सगळं मान्य. पण माझ्यावर एक आळ घेतला गेला होता, तो मात्र मला मुळीच मान्य नाही.

जन्माचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक कारखान्यात माझ्यासारख्याच शेकडो बहिणी एकीमागून एक बाहेर पडल्या. मला आधी एका दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगणारे हे गृहस्थ दुपारी माझ्यात बसून गुपचूप चॉकलेटं खायचे आणि कागद सीटखाली कोंबायचे. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी बाईंकडे आले.

बाई टेबल टेनिस शिकवतात. गावाबाहेर डोंगरावर मुलींची शाळा आहे, तिथे रोज संध्याकाळी त्यांचा सराव असतो. त्या वेळेला वर जाणारी बस नाही, त्यामुळे बाई आणि त्यांची शाळा यांच्यामध्ये मीच काय ती. माझ्या डिकीत जाळ्या, बॅटी आणि चेंडूंच्या पिशव्या असतात. वळण आलं की चेंडू टकटक करत या कडेपासून त्या कडेला जातात. मला तो आवाज आवडतो.

बाईंचे यजमान निवृत्त आहेत. गल्लीतली पोरं त्यांना 'जपूनकाका' म्हणतात, कारण त्यांच्या तोंडात दुसरा शब्दच नसतो. तरुणपणी गाडी शिकले, पण पहिल्याच दिवशी समोरून कुत्रं आलं आणि काकांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून ते माझ्या डाव्या सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकतात. "अगं, जपून! तो सायकलवाला बघ. अगं, तो थांबलाय, पण निघेल!"

काकांचा स्वभाव वाईट नाही. त्यांना वस्तू वापरायची मात्र भीती वाटते. नवा टॉवेल आणला की कपाटात, चांगले कप आणले की पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की रोजचेच कप बाहेर. छत्रीचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढलेलं नाही, पावसात ते टोपी घालून जातात. एकदा कुठेतरी स्वस्तात मिळाले म्हणून त्यांनी माझ्यासाठी चार टायर आणले. तेव्हा माझ्या पायातले टायर अजून चालण्यासारखे होते, म्हणून ते चारही जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेले. वर्षं गेली. लेकीचं लग्न झालं, नात झाली, नात शाळेत जाऊ लागली. मग एक दिवस माझे टायर गुळगुळीत झाले आणि काकांनी विजयी मुद्रेने माळ्यावरचा खजिना खाली काढला.

"बघ! एक किलोमीटरसुद्धा चाललेले नाहीत. कोरे करकरीत!"

दिसायला कोरेच होते. काळेभोर, खोल खाचांचे. पण ते घालून मी गल्लीबाहेर पडले आणि मला कळलं की काहीतरी चुकतंय. पायात लाकडी खडावा घातल्यासारखं वाटत होतं. रस्ता पायाला कळत नव्हता. पण मला विचारतो कोण?

मग ती संध्याकाळ आली. रिमझिम पाऊस, डोंगरावरून खाली येतानाचं मोठं वळण. बाई एकट्याच होत्या आणि हळू चालवत होत्या. त्यांनी वेळेवर ब्रेक लावला, चाक वेळेवर वळवलं. मी पूर्ण जोर लावला, पण माझी मागची बाजू माझं ऐकेना. ती वळणाबाहेर निघाली आणि आम्ही दोघी फिरून कठड्यावर आपटलो. कठड्याच्या पलीकडे केवढी दरी आहे ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांना माहीत आहे. माझा डावा दिवा फुटला, दार चेपलं. बाईंचं डावं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी घरात सभा भरली. मी अंगणात, खिडकीखालीच उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"आई, पुरे झालं आता. तुझं वय बघ," लेक रडवेली होऊन म्हणाली.

"आणि त्या गाडीचं वय बघा," जावईबापू म्हणाले. "एक गिऱ्हाईक आहे माझ्या ओळखीचं. सुटे भाग काढून विकतो. रविवारी येईल बघायला."

"मी हळू चालवत होते. गाडीने पकडच सोडली," बाई म्हणाल्या. "टायर बघायला हवेत."

'टायर' शब्द ऐकताच काका उसळले. "टायर? अगं, टायर नवे आहेत! नाचता येईना अंगण वाकडं!"

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर?" बाईंनी विचारलं.

मी बाहेर संतापाने नुसती धुमसत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच! बाईंच्या हाताचा दोष नाही, माझ्या इंजिनाचा नाही, आणि शिक्षा मात्र आम्हा दोघींना. मला मोडीत काढणार आणि बाईंना घरात बसवणार. त्या मुलींच्या संघाचं काय, हे तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दोन दिवसांनी बाई एकट्याच बाहेर आल्या, गळ्यात हात अडकवलेला. माझ्या पुढच्या चाकाशी बसल्या आणि टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलंच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, मग तळवा फिरवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. हा चेहरा मी सरावाच्या हॉलबाहेर पाहिलेला आहे. एखादी मुलगी म्हणते, "बॅट नवीनच आहे मॅडम, घरी नुसती ठेवली होती." बाई बॅटीच्या रबरावर चेंडू घासतात आणि सांगतात, "दिसतंय नवं, पण मेलंय. वापरा नाहीतर नुसतं ठेवा, रबर म्हातारं होतंच."

मग त्यांनी टायरच्या कडेवर कोरलेले आकडे शोधले. टायर कोणत्या वर्षी तयार झाला ते तिथे लिहिलेलं असतं. ते वाचून बाई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. नातीच्या जन्माआधीचे होते ते.

"रविवारपर्यंत गाडी माझी आहे," त्या आत जाऊन म्हणाल्या. "मी टायर घ्यायला चाललेय. यायचं तर चला."

काका आले. घरी राहिले तर 'जपून' सांगणार कुणाला? प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बाईंनी गिअर बदलला की चाक सोडावं लागायचं, तेव्हा काका ते धरायचे. अशा थाटात आम्ही दुकानात पोचलो.

दुकानदार गलेलठ्ठ आणि हसरा. "काकू, हिला साधे घाला. जाम टणक आहेत, जन्मभर झिजणार नाहीत."

काकांचे डोळे चमकले. "बघ, झिजणारच नाहीत!"

"मला झिजणारे हवेत," बाई म्हणाल्या. "मऊ रबराचे. ओल्या रस्त्यावर धरणारे."

"म्हणजे जोरात चालवणारी पोरं घालतात ते? काकू, शर्यतीला निघालात की काय?"

"शाळेत निघालेय."

त्याने मोठ्या हौसेने भलेमोठे रुंद टायर बाहेर काढले, सोबत चकचकीत रिमही. खोटं कशाला बोलू, क्षणभर मी लाजले. पण बाईंनी माझं चाक पूर्ण वळवून घेतलं आणि चाकाच्या वरच्या पत्र्यात बोटं घालून बघितली. "दोन बोटं जागा आहे. हे घासणार. स्प्रिंगा जुन्या आहेत, मागे कुणी बसलं की अजून घासणार. मूळच्यापेक्षा जरा रुंद द्या, पण उंची तीच हवी आणि रिम हेच."

अशा छोट्या मापात तसले टायर फारसे कुणी ठेवत नाही. त्याने आतून एक जोडी शोधून आणली. बाईंनी कडेचे आकडे वाचले आणि परत केली. "शिळे आहेत. ताजे मागवा."

"काकू, टायर काय भाजी आहे?"

"हो," बाई म्हणाल्या. दुकानदाराचं हसू जरा आटलं.

काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "दोनच घे ना. पुढे नवे घाल, माझे दोन मागे राहू देत. अजून किती चांगले आहेत गं!"

"चालतं तसं, हिचं इंजिन पुढची चाकंच फिरवतं," दुकानदारही म्हणाला.

"त्या दिवशी मागचीच बाजू सुटली होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढची दोन धरतील आणि मागची दोन सोडतील, मग तर मी नक्की पलीकडे जाईन. चारही बदला."

शनिवारी टायर आले. जुने चार दुकानदाराने ठेवून घेतले आणि बिलात थोडी सूट दिली. बाहेर पुन्हा रिमझिम सुरू होती. बाईंनी माझं तोंड घराकडे न वळवता डोंगराकडे वळवलं. काकांनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली.

काय सांगू तुम्हाला! रस्ता मला पुन्हा भेटला. प्रत्येक खडा, प्रत्येक ओल माझ्या पायाला कळत होती. वर शाळेपर्यंत गेलो, वळलो आणि उतरू लागलो. ते वळण आलं. काकांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी ब्रेक लावला, चाक वळवलं. माझी मागची बाजू मुकाट्याने पुढचीच्या पावलावर पाऊल टाकत आली.

"थांबव," काका म्हणाले.

ते उतरले, कठड्याशी गेले. माझा लाल रंग अजून तिथे खरवडलेला होता. त्यांनी वाकून पलीकडे दरीत पाहिलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या टोपीतून पाणी गळत होतं.

"माझे ते टायर आपण दुकानात ठेवले."

"हो."

"तो विकेल ते."

"विकेलच. नवे दिसतात ना."

"गाडी काढ. लवकर. अगं, पळव!"

काकांच्या तोंडून 'पळव' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि अहाहा, पळाले!

दुकानात ते चार टायर दाराशीच मांडलेले होते. माझ्यासारख्याच एका छोट्या गाडीचा मालक कडेवर मूल घेऊन त्यांच्या खाचांत बोट घालून बघत होता. खूश दिसत होता.

"हे विकायचे नाहीत," काका ओरडले.

"अहो काका, तुम्हीच तर दिलेत!"

"सूट परत घ्या. सुरी द्या."

आयुष्यात शिवणीचा दोराही न टाकलेल्या त्या माणसाने माझ्यासमोर एकेक टायर पायाखाली धरून कापला. रबर इतकं कडक होतं की पातं अडकत होतं. घामाघूम झाले, पण सुरी कुणाला दिली नाही. तिसऱ्या टायरला त्यांचा हात थांबला.

"मी तुला मारलं असतं गं," ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडले.

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते. "मारलं नाहीत. आता हा पुरा करा आणि उरलेलाही कापा."

चौथा कापून झाल्यावर काकांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "त्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणावं. का म्हणजे? तुझी आई घसरली नव्हती. गाडीही घसरली नव्हती. टायर माझे होते, मी घसरलो."

तर अशी मी आज उभी आहे. डावा दिवा दुसऱ्या गाडीचा, दार अजून चेपलेलं, आणि टायर रोज थोडे थोडे झिजतायत. झिजू देत. संपले की बाई दुसरे आणतील. बाईंचं मनगट जुळलंय आणि डिकीत पुन्हा चेंडू टकटक करतायत.

तुमच्या दारात माझी एखादी बहीण उभी असेल तर तिचं वय विचारण्याआधी खाली वाका आणि तिच्या पायात काय आहे ते बघा. दया मला तेव्हाही नको होती आणि आजही नको आहे. आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या मोठ्या गाड्यांनो, घाई असेल तर सरळ रस्त्यावर खुशाल पुढे जा. वळणावर मात्र माझ्या मागेच राहा.