रुद्रप्पांचे डोळे

सोलापूर मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही, आणि सोलापूरलाही मी आवडलो नव्हतो. चौऱ्याहत्तर साल. जेऊरला दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरेना, म्हणून रंगांची पेटी आणि वळकटी घेऊन आलो. एकटा माणूस, त्यात पेंटर म्हटलं की लोक दार लावून घेत. शेवटी बाळीवेशीत दानम्मांच्या जिन्याखालची खोली मिळाली, तीही त्यांच्या मुलाच्या, ईश्वरप्पाच्या, अटीवर.

त्याचे वडील रुद्रप्पा वर्षापूर्वी वारले होते. त्यांचा एकच फोटो होता, तोही मेल्यानंतरचा. त्यांच्यात माणूस गेला की भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, हार घालतात आणि तसाच फोटो काढतात. त्यावरून मी घरातल्या भिंतीसाठी मोठं चित्र काढायचं, मात्र डोळे उघडे हवेत.

"अव्वा व्हय म्हटली तर खोली तुमची, भाडं सवडीनं द्या," ईश्वरप्पा म्हणाला. "न्हाय म्हटली तर पुण्यतिथीला सामान उचला."

अव्वाला, म्हणजे दानम्मांना, मी घरात नकोच होतो. नळाला त्या कुलूप लावत आणि किल्ली कमरेला खोचत. वासानं डोकं उठतं म्हणून ब्रश भिजवलेला डबा त्यांनी गटारात ओतला. "अंडं खाल्लंस तर वळकटी रस्त्यावर," हे रोज सकाळी ऐकवायच्या. मला त्या बाईचा मनापासून राग यायचा.

चेहरा लवकर झाला. डोळ्यांपाशी घोडं अडलं.

"अव्वा, मालकांचे डोळे कसे होते?"

"मानसाचे असतात तसे."

ईश्वरप्पाला विचारलं, तर तो म्हणाला, "आप्पांच्या डोळ्याकडं आमी कवा बगितलंय? ते आले की मान खाली."

मग मी धंद्यातली नेहमीची युक्ती केली. मेलेल्या माणसाला प्रेमळ डोळे दिले की घरचे रडतात आणि चित्र पसंत पडतं. दानम्मा रडल्या नाहीत.

"ह्यो कोन?" त्या म्हणाल्या. "असा मानूस माज्या घरात कदी आलाच न्हाय. सोमवारी पुण्यतिथी हाय. वळकटी बांदून ठेव."

माझं डोकं फिरलं. जेऊरला जाऊन काय तोंड दाखवणार होतो? दाढीचा आरसा समोर टांगला, रुद्रप्पांचे डोळे खरवडून काढले आणि त्या जागी माझे रंगवले. दानम्मा दिसल्या की माझ्या डोळ्यांत जे येई ते सगळं त्यात ओतलं. खोली जाणारच होती. जाता जाता बाईवर भिंतीवरून डोळे वटारून जावं, एवढंच मनात होतं.

सोमवारी चित्र पाटावर उभं केलं. ईश्वरप्पा पान चघळत आत आला, समोर पाहिलं, आणि लगबगीनं बाहेर जाऊन पान थुंकून आला. मान खाली घालून उभा राहिला. दानम्मांनी डोक्यावरून पदर ओढला आणि त्या भिंतीला चिकटल्या. ती बाई घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला फार बरं वाटलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "असंच बगायचे."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चित्राकडं, पुन्हा माझ्याकडं. माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

"आता खोली तुमची," ईश्वरप्पा पुटपुटला.

दानम्मांनी कमरेची नळाची किल्ली काढली आणि लांबूनच माझ्यापुढं जमिनीवर ठेवली. पदर तसाच होता.

"पानी कवाबी घ्या," त्या खाली बघत म्हणाल्या.

किल्ली उचलायला मी हात पुढं केला, तशा त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि अंग चोरलं.