पाखरांच्या सणाला टांगलेला कपडा

"या कपड्याला तोंड असतं तर काय काय सांगितलं असतं!" येईल त्या पाहुण्याला जीना हेच ऐकवते. अगं बाय, तोंड आहे मला. बोलायची हौस नाही, एवढंच. पण तेच तेच ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं बोलून मोकळा होतो. मध्ये कोणी हसायचं नाही.

मी टेबलावर अंथरायचा पांढरा कपडा. अंगाने जाडाभरडा मांजरपाट. शिक्षणाचं म्हणाल तर शाळेत एकदाच गेलो, तेही स्नेहसंमेलनाच्या टेबलावर. भाषणं ऐकली आणि पुन्हा जायची इच्छा झाली नाही.

आगाशीच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर पडून होतो. लग्न ठरलेली एक मुलगी आली. इनेझ तिचं नाव. दुकानदाराने तलम कापड पुढे केलं, तर म्हणते, "ते नको. यावर माणसं जेवणार आहेत. सोसणारं दाखवा." तिथेच ती मला आवडली. घरी नेऊन तिने माझ्या चारी कडांना क्रोशाची जाळी विणली. तेव्हापासून मी जरा ताठच असतो.

लग्न झालं फेबियनशी. त्याची केळीची वाडी, वाडीत बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. मांडवात मधल्या टेबलावर मी. फेबियनचा धाकटा भाऊ टोनी घरच्या जांभळाच्या वाइनचा जग घेऊन नाचत आला आणि अर्धा जग माझ्यावर ओतला. बँड थांबला. टोनी मांडवाच्या छताकडे बघत म्हणाला, "वारा आला!" केळीचं पान हलत नव्हतं.

नवरी मात्र हसली. "राहू दे रे. सणाच्या कपड्याला डाग पडायचाच. नाही पडला तर कोणी जेवलंच नाही म्हणायचं." आणि तिने डागावर केकची बशी सरकवली.

पुढे बाप्तिस्मे झाले, लग्नं झाली, नाताळ झाले. शेजारी रुमाल ठेवलेला असला तरी माणूस बोटं पुसायला माझाच कोपरा ओढतो. इनेझ मला धुवायची तेव्हा तो डाग चोळायची नाही. तरी दरवेळी तो थोडा थोडा फिका होत गेला. संध्याकाळी घरात दिव्यावर पाखरू आलं की टोनी चप्पल उचलायचा, इनेझ पेला. पेल्याखाली अलगद झाकून पाखरू वाडीत सोडून यायची. मला ते पटायचं नाही. पाखरू म्हणजे कसर, आणि कसर म्हणजे कपड्याचा काळ, एवढं मला ठाऊक.

मग इनेझ गेली. फेबियनने माझी घडी केली, पेटीत ठेवली, वर मूठ मूठ डांबरगोळ्या टाकल्या. अधूनमधून पेटी उघडायचा, नाक माझ्याजवळ आणून बसायचा, पुन्हा बंद करायचा. सुनेने नाताळात मला मागितलं तर म्हणाला, "प्लॅस्टिकचा अंथर."

जीना ही त्याची नात. मुलगी शिकली काय, तर पाखरं. मॉथ म्हणते ती त्यांना. तिने ठरवलं, आजीच्या वाढदिवसाला वाडीत पाखरांचा सण करायचा. पांढरा कपडा टांगायचा, पुढे दिवा लावायचा, लोकांना बोलवायचं, खायला घालायचं आणि कोण कोण येऊन बसतंय ते बघायचं. "आजोबा, आजीचाच कपडा हवा." दोन दिवसांनी फेबियनने पेटीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

आधी एक संध्याकाळ तालीम झाली. पाखरं आली, घराच्या भिंतीवर बसली, दाराच्या चौकटीवर बसली. माझ्याकडे एकही फिरकलं नाही. जीनाची मैत्रीण उन्नती, जवळच्या आचोळ्याहून आलेली, माझ्याजवळ येऊन मागे सरली. "सॉरी हां अंकल, पण बाथरूमच्या गोळ्यांसारखा स्मेल मारतोय."

"बाथरूम?" फेबियन ताडकन उठला. "इनेझचा वास आहे तो!"

जीना हळूच म्हणाली, "आजोबा, आजीने कधी गोळ्या ठेवल्या का? ती कडुलिंबाचा पाला ठेवायची."

म्हातारा खाली बसला. इतकी वर्षं पेटीत तोंड घालून हा गोळ्याच हुंगत होता.

"धुवू या का?" जीनाने विचारलं.

"धुतला तर डाग जाईल. आता उरलाय केवढासा. तिचं त्या दिवसाचं तेवढंच आहे माझ्याकडे."

"मग राहू दे. मी दुसरी चादर आणते."

"तिच्या वाढदिवसाला दुसरी चादर?" म्हातारा उसळला.

सकाळी त्याने मला विहिरीच्या दगडावर नेलं. डाग डाव्या मुठीत घट्ट धरला आणि बाकीचं माझं सगळं अंग एका हाताने धुतलं. आपटायला जमेना, पिळायला जमेना. मूठ सोडली नाही. मी बऱ्याच जणांच्या हातून धुतला गेलोय, पण असं धुणं पाहिलं नाही.

सणाच्या संध्याकाळी वाडी भरली. फुगे होते, आगाशीचं पोहे-कोंबडीचं भुजिंग होतं, आचोळ्याहून उन्नतीच्या शेजारची बिऱ्हाडं मुलाबाळांसकट होती. दिवा लागला आणि पाखरं आली. हिरवी, राखी, चिमणीएवढी, तांदळाएवढी. पायांनी गुदगुल्या करतात, मेली! जीना लोकांना सांगत होती, "यातलं एकही कपडा खात नाही." हे मला आधी कोणी सांगितलं का? नाही ना? मग माझं काही चुकलं नाही.

"मधेच तेवढी जागा रिकामी का?" उन्नतीने बोट दाखवलं. मुठीएवढी जागा. तिथे गोळ्यांचा वास तसाच होता. फेबियनने डावा हात खिशात घातला.

तेवढ्यात टोनी आला. केस पांढरे झाले, चाल तीच. हातात जीनाने कालवायला सांगितलेलं पातेलं. पिकून काळी पडलेली केळी, गूळ आणि त्याची जांभळाची वाइन. झाडांना फासायचं होतं. गोड वासाला पाखरं येतात म्हणे. टोनी येताना बायकांकडे बघून काहीतरी विनोद करत होता. पाय अडखळला आणि पातेलं माझ्यावर. नेमकं त्या मुठीएवढ्या जागेवर.

सगळे फेबियनकडे बघायला लागले. टोनीने वर आभाळाकडे पाहिलं. "दादा... वारा आला."

जुना डाग दिसेनासा झाला. फेबियन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. एवढ्यात सुकल्या पानासारखं एक मोठं पाखरू आलं, त्या ओल्यावर बसलं, पंख उघडले. आत नारिंगी रंग भडकला.

"अरे, हा तर पेरूला भोक पाडून रस पिणारा चोर!" फेबियन म्हणाला. मग दुसरं आलं, तिसरं आलं. त्याने खिशातला हात काढला, डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाला, "राहू दे रे. सणाच्या कपड्याला डाग पडायचाच." पुढचं त्याला हसू आलं म्हणून बोलता आलं नाही. टोनीने पुढचं म्हटलं. त्याला पाठ होतं.

आता दर वर्षी मला टांगतात. पेटीत कडुलिंबाचा पाला असतो. डाग बशीएवढा आहे. म्हातारपणी एवढंच मागतो, धुवा, पण हात राखून.

इनेझने तेव्हाच माफ केलं, फेबियनने त्या सणाला. अंगावर दोन्ही वेळा माझ्या सांडलं, पण मला कोणी विचारलं? वाराबिरा काही नव्हता. मी स्वतः टांगलेला होतो, मला कळत नाही होय? माझी माफी अजून बाकी आहे, आणि ती मागायची आहे टोनीने.