आडव्या मुलांची विज्ञानपेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मुलांच्या रुग्णालयात, वॉर्डाला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत मी पडून आहे. माझ्या तळाला वाळवी लागली आहे. म्हणून मित्रांनो, फार पाल्हाळ न लावता सांगते.

मला बनवणाऱ्या सुतारकाकांची नात याच वॉर्डात पाय वर टांगून दोन महिने पडली होती. तेव्हा काकांनी एक गोष्ट हेरली, की खेळ सगळे उभ्या मुलांसाठी असतात. म्हणून त्यांनी माझी उंची गादीबरोबर ठेवली, झाकण मुलांना कुशीवर पडल्यापडल्या उघडेल असे केले आणि दोन पलंगांमधून जाईन एवढीच मला रुंदी दिली. खाली चार चाके लावली.

आजारी मुलांना शिकवायला एक बाई नेमलेल्या होत्या. सगळे त्यांना खेळताई म्हणत. माझ्या पोटात त्यांनीच संसार मांडला: लोहचुंबक, भिंगे, तारा, फुगे, इवलाले दिवे, आरसे. प्लास्टरमधले हात लिंबांना तारा टोचत आणि दिवा लागला की अख्खा वॉर्ड मान उचलून बघे. कागदी होडीत किती गोट्या मावतात हे शोधताना मोठ्या सिस्टरांच्या चपला दोनदा भिजल्या.

"ताई, हा दवाखाना आहे की बंदर?" असे म्हणत त्या पुढच्या होडीत स्वतःच गोटी टाकायच्या.

मग काबाई आली. आठ वर्षांची पोर. दिवसभर "का?" विचारायची, म्हणून हे नाव. तिच्या पाठीचे हाड मोडले होते. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर, आणि तीन महिने उताणे पडून राहायचे. तिची आई याच रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. रोज दुपारी ती समोरच्या गच्चीवर चादरी वाळत घाली. पण खिडकी काबाईच्या डोक्याच्या बरीच वर होती. आई हाकेच्या अंतरावर असून पोरीला नुसते छत दिसे.

ताईंनी तिला पुठ्ठा, डिंक आणि दोन आरसे दिले. "पेरिस्कोप तूच करायचास," त्या म्हणाल्या. पहिल्या खेपेला आरसे वाकडे बसले आणि काबाईला स्वतःचेच नाक दिसले. दुसऱ्या खेपेला आई दिसली. त्या दिवसापासून दुपार झाली की ती नळी डोळ्याला लावून बसे, म्हणजे पडे.

पुढे वॉर्डात तापाची साथ शिरली. एकामागून एक अकरा मुले तापली. आईवडिलांच्या भेटी बंद झाल्या. डॉक्टरांनी माझ्यावर बोट ठेवले.

"लाकूड उकळता येत नाही, ताई. ही पेटी प्रत्येक पलंगाला लागते. हलवा इथून."

त्यांचे चुकले नव्हते, हे मी आजही मानते. पेरिस्कोपही माझ्या पोटात गेला, माझ्या झाकणाला कुलूप लागले आणि मला या अडगळीच्या खोलीत ढकलले.

भिंतीपलीकडचे सगळे मला ऐकू येई. पहिल्या दिवशी काबाईने "का?" विचारले. दुसऱ्या दिवशी ती रडली. तिसऱ्या दिवसापासून तिने काहीच विचारले नाही आणि घासालाही तोंड लावले नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांचा आवाज आला, "आज जेवली नाही तर नाकातून नळी घालावी लागेल."

मित्रांनो, तिचे औषध माझ्या पोटात होते आणि मला हात नव्हते. इतकी हतबल मी कधीच नव्हते.

तेवढ्यात दार उघडले. खेळताई आणि वॉर्डातल्या कामवाल्या मावशी आत आल्या. माझी किल्ली कोठीवाल्याकडे होती आणि तो स्वतःच तापाने घरी पडला होता.

"मावशी, पेचकस द्या."

"अहो, पेटी फुटेल."

"फुटू दे."

बिजागरी उचकटताना माझे झाकण चिरफळले. ताईंनी पुठ्ठा तिथेच टाकला आणि दोन आरसे तेवढे नेले. "काच धुता येते ना, डॉक्टर?" एवढेच त्या विचारताना मला ऐकू आले. मग जंतुनाशकाचा वास आला. ताई मावशींना सांगत होत्या त्यावरून कळले, एक आरसा खिडकीच्या गजाला बांधला गेला, दुसरा सलाईनच्या दांड्याला.

"थोडा खाली," काबाईचा खोल गेलेला आवाज आला. "अजून. आता डावीकडे."



"आईने चादर उलटी घातलीय," ती म्हणाली. संध्याकाळी तिने अर्धी वाटी पेज घेतली.

साथ ओसरली. काबाई आपल्या पायांनी घरी गेली. मी मात्र इथेच राहिले. झाकण तुटलेल्या पेटीला कोण विचारतो? पुढे ताईंची जागाच रद्द झाली. आता हे दार फक्त जुन्या गाद्या टाकायला उघडते. पलीकडे नवी मुले येतात, दिवसचे दिवस छताकडे बघत पडतात. त्यांची चुळबूळ मला ऐकू येते. माझ्यात अजून चार भिंगे आहेत, लोहचुंबक आहे, तारा आहेत. वाळवी रोज थोडी वर चढते आहे.

मित्रांनो, ज्याला दार उघडता येते अशा कुणाला तरी माझा निरोप द्या. मला तासा, रंगवा, नवे झाकण लावा. तेवढी सवड नसेल तर सरळ फोडा आणि चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण आधी आतल्या वस्तू काढा, स्वच्छ धुवा आणि त्या मुलांच्या हातात द्या.