उघड्या घराचं चित्र

आमच्या चंद्रावतीबाईंची एक खोड मला अजिबात खपत नाही. मुलाने उत्तर दिलं की 'का रे बाळा?' म्हणून विचारायचं नाही. फुली मारून मोकळ्या! मित्रांनो, मी त्यांची जुनी पेटी आहे, मुलांची बुद्धी मापायची. सागवानी अंगाची, पितळी कडीची. पेणला रामवाडीत त्यांच्या तपासणीच्या खोलीत राहते. माझं शिक्षण विचाराल तर पोटातल्या चित्रांपुरतं. पण भल्याभल्यांची पोरं माझ्यापुढे चळाचळा कापली आहेत, हं!

ही चित्रं साता समुद्रापलीकडची. प्रत्येकात काहीतरी मुद्दाम गाळलेलं. मुलाने ते ओळखायचं. धुराडं नसलेलं घर दाखवलं की खाडीकाठची पोरं म्हणत, "अंगणात मासळी सुकत नाय." फुली! तरी लोक माझी वाहवा करीत. मग टॅब आला आणि माझ्यावर धूळ बसली. टॅब बिघडला की मात्र माझी आठवण.

परवा दुपारी तशीच आठवण झाली. रोह्याहून सिपोराआजी नातीला, तामारला, घेऊन आली होती. शाळेने पोरीला मंद ठरवलं होतं. आता बाईंनी तपासून तशा कागदावर सही केली, की शाळावाले तिला वर्गातून उठवून वेगळ्या शाळेत धाडणार होते. आजीने बाईंना ठणकावून सांगितलं, "मॅडम, पोर मुकी नाय. ऐकणारा भेटत नाय."

बाईंनी दाराचं चित्र पुढे ठेवलं. त्या दाराला मूठ नव्हती. तामारने चौकटीच्या उजव्या अंगाला बोट टेकवलं, ओठांशी नेलं आणि दचकून मागे सरली.

"मेझुझा नाय. घर उघडं हाय. कोन पन आत येल."

तामार बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. त्यांच्या चौकटीला देवाच्या वचनाची नळी, म्हणजे मेझुझा, ठोकलेली असते; येता-जाता तिला बोट लावून ते ओठांशी नेतात. तीच घर राखते.

"अगं, दार तर बंद आहे," बाई म्हणाल्या. आणि फुली.

आजी-नात गेल्या. बाईंनी माझं झाकण लावलं, तसा माझ्या पोटात गार वारा शिरला. चित्रातलं दार कोणीतरी पलीकडून ठोकत होतं. बाईंनी खोलीचं दार उघडून पाहिलं. ओट्यावर कोणी नव्हतं. ठकठक चालूच. शेवटी त्यांनी माझं झाकण उचललं.

चित्रातल्या दाराला बोटभर फट पडली होती. फटीत काळोख होता, सुक्या मासळीचा वास होता, आणि कितीतरी लहान आवाज आपापलं उत्तर पुन्हा पुन्हा सांगत होते. हळू. कोणी रागावेल अशा बेताने.

बाईंनी चित्र पालथं घातलं आणि शाळेच्या कागदावर सही करायला घाईघाईने पेन उचललं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, वाळवीपासून राखा. पण आमच्या भरवशावर कुणाचं पोर तोलू नका. एवढ्या वर्षांत मी तोंड उघडलं नव्हतं. त्या दुपारी उघडलं.

"चंद्रावती, ठेव ते पेन! पोर मंद नाय गो, चांगली हुशार हाय. तिला दिसलं ते ना तुला दिसलं, ना मला. रोह्याची एसटी अजून सुटली नसंल. पळ, बोलव तिला माघारी!"