हौदाचा धनी

निमोण्यात नदीवरच्या सामाईक मोटरीचं पाणी पाळीनं मिळतं आणि पाण्यावरून भांडणंही पाळीनंच होतात. ती मिटावीत म्हणून पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष संपतआबा यांनी फेथला गाठलं. फेथ दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, आबांच्या मुलाबरोबर, सत्यजीतबरोबर कॉलेजात होती. तिनं जावास्क्रिप्टमध्ये छोटासा सर्व्हर लिहून दिला. एकाची पाळी संपली की पुढच्याच्या मोबाइलवर मेसेज, एवढंच त्याचं काम. पंपघरात जुना लॅपटॉप बसला, नारळ फुटला.

सर्व्हर पहिल्याच फेऱ्यात आडवा झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा त्याच जागी बसला. शेवटी फेथ शिरूरला एसटी बदलून निमोण्यात आली. पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार होती, 'अनडिफाइन्ड'चा मोबाइल वाचता येत नाही. साध्या भाषेत सांगायचं तर मशीन पाळीच्या मालकाचा नंबर मागत होतं आणि त्या पाळीला मालकच नव्हता. आबांच्या लगेच नंतरची ती पाळी. पाळ्यांच्या यादीत तिथं नुसतं 'हौद' एवढंच होतं.

"आबा, हौदाची पाळी कुणाची?"

"हौदाची म्हंजी हौदाची. त्याला कशाला धनी लागतो?"

दारात रंगुबाई उभी होती. तिला जमीन नाही, म्हणून पाळी नाही, म्हणून सभेत बोलायलाही जागा नाही. चार शेळ्या आहेत, त्या या हौदावर पितात. तिला कुणी काही विचारलं नाही. फेथनंही नाही.

परतीची एसटी चुकवायची नव्हती. फेथनं एक ओळ घातली: मालक नसेल तर सोडून दे, पुढच्याला मेसेज कर. लाल अक्षरं गेली. "शाब्बास पोरी," आबा म्हणाले.

त्यानंतर सर्व्हर गुणी बाळासारखा चालला. भांडणं थांबली, आणि गावाला काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी फेथचा सत्कार ठरवला. पंपघरासमोर सतरंजी पडली. त्या दिवशी आबांचीच पाळी होती, ती संपायच्या आत भाषण उरकायचं असा त्यांचा बेत. फेथच्या खांद्यावर शाल पडते न पडते तोच डोक्यावर हंडा घेऊन रंगुबाई थेट सतरंजीपाशी आली.

"पोरी, तुझ्या मशिनीला शेरडं दिसत न्हाईत व्हय?"

"काय झालं, आजी?"

"हौद कोरडा ठाक हाय. नदीवरनं हंडं आणून पाजती. गुडघा चालंना आता. भैनीकडं धाडून द्यायची येळ आली शेरडं. मग मी घरात कुणाशी बोलू?"

"कुणाला सांगितलं नाही?"

"समद्यांला सांगितलं. म्हनत्यात, सर्व्हरवर हाय."

फेथ आबांकडे वळली. "आधी हौदात पाणी कोण सोडायचं?"

आबा वैतागले. "ज्याची पाळी सपंल त्यो सोडायचा, आन् हौद भरला की घरला जायचा. हे बी सांगाय लागतं व्हय?"

"मग आता?"

"आता मेसेज पुढच्याला जातो. त्यो येतो आन् पानी वळवतो." आबांचा आवाज उतरला. "मला वाटलं, हौदाचं तू मशिनीत घातलं असशील."

जन्मभर जे हात न सांगता हौदाकडे वळत होते, ते मेसेजची वाट बघत बसले होते. फेथला मात्र स्वतःचीच लाज वाटली. अख्ख्या गावात एकटं मशीन विचारत होतं, हौदाचा धनी कोण म्हणून. तिनं त्याचं तोंड बंद केलं होतं.

खांद्यावरची शाल तशीच ठेवून ती पंपघरात गेली. आपली जुनी ओळ पुसली आणि नवी लिहिली: मालक नसेल तर आधीच्याला मेसेज कर, आणि हौद भरायला लागतो तेवढा वेळ थांब. सर्व्हर पुन्हा चालू केला. बाहेर भाषण काही पुढे सरकेना.

जरा वेळानं आबांची पाळी संपली आणि त्यांच्याच खिशात फोन वाजला. त्यांनी तो हात लांब करून धरला, ओठ हलवत वाचला आणि खिशात घालायला लागले.

"मोठ्यानं वाचा की, आबा," रंगुबाई म्हणाली. "मला कुठं वाचाया येतंय?"

आबांनी फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"संपतआबा," त्यांनी वाचलं, "हौदात पाणी सोडा."

मग ते उठले, चपला शोधल्या आणि व्हॉल्व्हकडे निघाले. रंगुबाई तोवर शेळ्या सोडायला गेलीही होती.