न्हाणीच्या चुलीतलं मेपल

“धडं करवतीकडं, माना अंगणात! ज्याला जळण पाहिजे त्यानं न्यावं,” गिटार कारखान्याचा मुकादम ओगिसो ओरडत होता. “मालकांचा हुकूम आहे. अख्खी गिटार एकही बाहेर जायची नाही. मातीमोल विकली गेली तर आहे तो भावही बसेल म्हणे.”

“बसायला भाव राहिलाय कुठे?” शिगेयोशी मोमोसे म्हणाला. कोणी हसलं नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा शिगेयोशी मात्सुमोतोत कपाटं करायचा. मग इलेक्ट्रिक गिटारींचं ते वेड आलं, आणि गावातले सुतार झाडून सगळे त्यात शिरले. अमेरिकेतली पोरं म्हणे तुटून पडली होती. नावाजलेली गिटार ज्यांच्या बापाला परवडत नव्हती, त्या घरांतली पोरं. त्यांना या स्वस्तातल्या, लाल-काळ्या, चार-चार खटक्यांच्या गिटारींची भुरळ पडली. निम्म्या खटक्यांनी आवाजात काय फरक पडतो, ते देव जाणे! पण दिसायला काय झोकदार! शिगेयोशीचा तर जीव होता त्यांच्यावर. गिटारची लांब मान तासायचं काम त्याच्याकडे होतं. वर नाव मात्र तिकडच्या कुठल्यातरी दुकानाचं लागायचं. आणि आपण तासलेली मान कुणाच्या हातात वाजताना त्याने एकदाही पाहिली नव्हती.

घाईने घात केला. लाकूड वाळवत बसायला फुरसत होती कुणाला? कपाटाला त्याने कच्चं मेपल मेलं तरी लावलं नसतं. इथे लावलं, सगळ्यांनीच लावलं. तिकडच्या कोरड्या, उबदार घरांत माना वाकल्या, पेट्याच्या पेट्या परत आल्या, आणि त्यातच ते वेडही ओसरलं.

ओगिसो जवळ आला. “मोमोसेसान, तुमच्याकडे आईला बरं नाही ना? तुम्ही जरा जास्त न्या.”

“जळण नको हो मला. एक अख्खी द्या. घरात ठेवीन, कुणाला दाखवणार नाही.”

“दिली असती. पण तुम्हाला दिली की सगळे मागणार. मग मी मालकांना काय तोंड दाखवू?” ओगिसो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

शिगेयोशी ढिगाऱ्यात शिरला. एकेक मान उचलायची, एक डोळा मिटून धार बघायची, बाजूला टाकायची. सगळ्या वाकलेल्या. शेवटी एक सापडली, सुतासारखी सरळ. पाठीच्या उतारावरून बोट फिरवताच ती आपल्याच हातची, हे त्याला कळलं. ही तरी ठेवायची. आपण काय करत होतो, त्याची एवढी एक खूण तरी घरात राहू दे.

हातगाडी ओढत तो घरी आला तेव्हा बर्फ भुरभुरत होता. वाकड्या माना त्याने न्हाणीमागे ओतल्या. सरळ मान भिजू नये म्हणून न्हाणीच्या बाहेरच्या चुलीशेजारी, पागोळीच्या आत भिंतीला टेकवून ठेवली आणि तसाच आईचं औषध आणायला गेला.

परत आला तर धुराला व्हार्निशचा वास येत होता. डोक्याला टॉवेल गुंडाळून फुमिए, त्याची बायको, चुलीपुढे बसली होती.

“अहो, कसलं वेडंवाकडं जळण आणलंत! चुलीच्या तोंडात जाईना. बरं झालं, तुम्ही एक सरळ काढून ठेवली होतीत. तिनेच जाळ धरला.”

त्याने वाकून पाहिलं. लाकूड पेटलं होतं आणि त्यावरच्या पितळी पट्ट्या एकेक करून सुटत होत्या.

“काय झालं हो?” त्याचा चेहरा बघून फुमिएने विचारलं.

“काही नाही. जा तू आत, गारठशील.”

ती गेली. शिगेयोशी चुलीपुढे बसला आणि त्याला रडू फुटलं. पन्नाशीचा बाप्या, आणि लाकडाच्या एका तुकड्यासाठी रडतो! पण आवरेना. बाहीने डोळे पुसत तो उरलेल्या माना कुऱ्हाडीने तोडून आत सारत राहिला.

घरच्या रीतीने पहिलं पाणी कर्त्या पुरुषाचं. आज त्याने ते आईला दिलं. ती टबात उतरल्याचा आवाज आला, तसं त्याने खिडकीकडे तोंड करून विचारलं, “आई, पाणी कसं आहे?”

“अगंबाई, काय छान तापलंय रे!” वाफेतून तिचा आवाज आला. “सगळी हाडं मोकळी झाली. कसलं लाकूड आणलंस, शिगे?”

“चांगलं आहे, आई. चांगलं वाळलंय आता.”

“मग आणत जा असंच.”

“गाडीभर आहे,” तो म्हणाला आणि त्याने पुढची मान चुलीत सारली.