पेटीवरचं फूल

मी एक जुना पोलादी ठसा आहे. मित्रांनो, क्लासेससाठी लातूरला येणाऱ्या मुलांच्या पत्र्याच्या पेट्या पाहिल्यात? त्यांच्या झाकणांवरचं आठ पाकळ्यांचं फूल माझंच! पेट्या बनवणाऱ्या गुलाम रसूल यांच्या वडिलांनी ते माझ्यावर हाताने कोरलं. ते गेले. आता तसं फूल कोरणारं कुणी उरलं नाही.

रोज सकाळी गुलाम रसूल मला हातोडीने हलकेच ठोकून कान देत. मी ठणठणीत वाजलो, म्हणजे कुठे तडा नाही; मग कामाला सुरुवात. एक दिवस मात्र घाव बसला आणि फुलामधूनच माझे दोन तुकडे झाले. त्यांनी धावत जाऊन मला वेल्डिंग करून आणलं. मी अजून तापलेला होतो. तापलेली प्रत्येक छिन्नी पाण्याच्या बादलीत बुडवायची त्यांची जन्माची सवय; मलाही बुडवलं. टक्! जोडाशेजारीच मी पुन्हा तुटलो.

"लई हट्टी हाय हा," ते म्हणाले. बुडवलं कुणी, आणि हट्टी कोण!

भंगारात जायची वेळ आली, तेव्हा त्यांची मुलगी जेबा आली. ती नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातूंवर संशोधन करते.

"अब्बा, वेल्डिंगमध्ये हे पोलाद पुरतं वितळतं, मग निवताना तडकतं. आपण अर्धंच वितळवू."

"अर्धं? लोखंड काय भात हाय, कच्चं ठेवायला?"

तरी ते एसटीने मला नांदेडला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेलेच. जेबाने माझ्या तुटक्या कडा घासून समोरासमोर दाबून बसवल्या आणि तेवढाच भाग तापवला. काय नवल सांगू! मी घट्टही नव्हतो, पातळही नव्हतो. हिवाळ्यातलं रवाळ तूप असतं ना, तसा: कण शाबूत, कणांमधला भाग वितळलेला. वाहून न जाता दोन्ही कडा दाबाखाली एकमेकींत मिसळल्या. आता मी कोणत्या तुकड्यातला, हेच मला कळेना.

गुलाम रसूल यांची नजर मात्र खोलीभर फिरत होती.

"अब्बा, बादली शोधू नका. त्याला हळूहळू निवू द्या."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. संध्याकाळपर्यंत तसेच उभे. शेवटी हातोडीने हलकेच ठोकलं. ठण्ण!

"बोलला गं, जेबा!" त्यांचे डोळे भरून आले. माझेही भरले असते, पण पोलादाला ती सोय नाही.

एक पाकळी जराशी चपटली आहे. पण फूल तेच आहे. मित्रांनो, तुमचंही काही तुटलं तर टाकू नका, जोडा. फक्त ते निवेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभं राहा.